उजाडलं का?

माझा नवरा महिन्या-सव्वा महिन्यातून थोडे दिवस घरी येतो. बाकीचे दिवस तो घरातच असतो.

हे मी पॉलीहाउसमध्ये शेवंतीच्या गड्ड्या बांधता बांधता बोलले, तर झुंबरमावशीनं हातातली कात्री खाली ठेवली. "रेणुका, तुजं डोकं फिरलंय का गं?" म्हणाली. माझं डोकं फिरलं असतं तर परवडलं असतं, मावशी. इथं माणूस फिरतोय. घरातल्या घरात, खाटेवर पडल्या पडल्या फिरतोय, आणि मला त्याच्या मागं जाता येत नाही.

सांगते सगळं. मधे टोकू नका, टोकलं की माझं डोकं तापतं. राग माझ्या नाकावर माहेरापासूनच आहे. संदेशनं लग्नाआधी विचारलं होतं, "रागीट हायेस म्हनं?" मी म्हणाले होते, "मग? न्हाई करायचं तर नका करू." केलं त्यानं.

संदेश लोणावळ्याला टूरिस्टची जीप चालवायचा. परंदवडीहून सकाळी निघायचा, बेगडेवाडीला लोकल पकडायचा, मग दिवसभर स्टेशन ते भुशी, भुशी ते लायन्स पॉइंट. रात्री अंगाला डिझेलचा वास आणि तोंडात दिवसभराच्या गमती घेऊन घरी. आम्ही दिवा घालवून पडलो की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. कोण वळणावर ओकलं, कुठलं नवं जोडपं कड्यावर उभं राहून भांडलं, कुठल्या आजीनं माकडाला दम दिला. मी हसता हसता झोपायचे. लग्नातलं मोठं सुख कोणतं विचाराल, तर मी तेच सांगीन, दिवा घालवल्यावरचं ते बोलणं.

मग घाटात पुढच्या ट्रकातली सळई निसटली आणि समोरची काच फुटून आत आली. जीव वाचला. दोन्ही डोळे काढावे लागले. आता खोटे बसवलेत, इतके हुबेहूब की नवा माणूस त्यांच्याकडं बघून बोलतो. दिसत नाही हे आम्ही रडून, भांडून, शेवटी पचवलं. काठी आली, बोलणारा मोबाईल आला. चहा तो माझ्यापेक्षा बरा करतो. पण झोपेचं काय झालं ते कुणालाच कळेना.

झोप उडाली म्हणावं तर तसंही नाही. ती सरकली. रोज थोडी थोडी पुढं. आधी माझ्याबरोबर झोपणारा माणूस मध्यरात्री झोपायला लागला, मग पहाटे, मग मी डबा भरून कामाला निघाले की हा आडवा. मग भर दुपारी झोप, संध्याकाळी टक्क जागा. असं करत करत पूर्ण चक्कर मारून पुन्हा माझ्या रात्रीला यायचा. थोडे दिवस सगळं सुरळीत. आम्ही बरोबर जेवायचो, बरोबर झोपायचो, मला वाटायचं, सुटलो बाबा. आणि पुन्हा सरकायला लागायचा.

हे चक्कर आहे हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मला वाटलं, हा आळशी झालाय.

उठला की तो आधी एकच विचारायचा. "उजाडलं का?" त्याच्या अंगाला तसंच वाटत असायचं, की रात्र झाली, झोप झाली, आता सकाळ. आणि बाहेर दिवेलागण झालेली असायची. एकदा मी कामावरून थकून आले होते, पाठ मोडली होती, आणि हा खाटेवर उठून बसत म्हणाला, "उजाडलं का?" मी म्हणाले, "उजाडलं आणि मावळलं पन. तुमचं आपलं बरं हाय." तो हात फिरवत फिरवत पाण्याचा तांब्या शोधत राहिला. माझी जीभ तेव्हा झडली कशी नाही, कोण जाणे.

पप्पू त्याचा जीपवाला दोस्त. जीव लावणारा पोरगा. त्यानं स्टँडवरच्या ऑफिसात संदेशला फोन घ्यायचं काम दिलं. आवाज गोड, रस्ते सगळे पाठ, गिऱ्हाईक खूश. घरी असण्याचे दिवस होते तोवर काम झकास चाललं. मग हा फोन हातात धरून बसल्या बसल्या घोरायला लागला. पप्पू बिचारा संकोचत घरी आला. "वहिनी, रागावू नका, पण भाऊ घेतो का दिवसाची?" मी असली उखडले की पप्पू चहा न पिताच पळाला. काम गेलं ते गेलंच.

शेजारची लीलाबाई म्हणाली, "आंधळ्याच्या गाई देव राखतो गं. एकदा देवऋषाला दाखव, बाहेरचं काय तरी असंल." मी म्हणाले, "मावशी, आमच्याकडं ना गाय, ना देव. आमच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तवाच अंगारे-धुपारे वेशीबाहेर टाकलेत." तिला सुनावलं खरं, पण आत काळजी कुरतडत होतीच. देवऋषी नाही, तर मग काय?

तर मी माझं डोकं चालवलं. आता आमच्या कामाचं थोडं सांगायला लागेल. शेवंती हे फार लबाड, पण त्याहून भोळं झाड. रात्र मोठी झाली की तिला कळतं आणि ती कळ्या धरते. आम्हाला फुलं उशिरा हवी असली की आम्ही वाफ्यावर बल्बांची माळ टांगतो आणि रात्री लावतो. शेवंतीला वाटतं, दिवस मोठाच आहे अजून. लवकर हवी असली की संध्याकाळ व्हायच्या आधीच वरून काळं कापड ओढतो. तिला वाटतं, झाली रात्र. उजेडानं आणि अंधारानं आम्ही तिला हवं तेव्हा फुलवतो.

मी विचार केला, शेवंतीला कुठं डोळे असतात? तरी तिला उजेड कळतोच की. मग माझ्या माणसाला का कळू नये? डोळे गेले असतील, अंग तर आहे.

पॉलीहाउसमध्ये नवे दिवे आले होते, जुने पिवळे बल्ब माळेसकट कोपऱ्यात पडले होते. सुपरवायझर निलेशला विचारलं, तो म्हणाला, न्या. मी माळ घरी आणली आणि संदेशच्या खाटेवर आडव्या दोरीला टांगली. त्या दिवसांत तो सकाळी झोपायचा. कामाला निघताना बटण दाबलं. खोली लग्नाच्या मांडवासारखी उजळली आणि तो त्याखाली गाढ झोपलेला. मी मनात म्हणाले, बस्स, आता याच्या अंगाला कळेल की दिवस आहे. चार-आठ दिवसांत येतोय माझा माणूस माझ्या रात्रीला.

दुपारी राहवेना म्हणून जेवणाच्या सुट्टीत धावत घरी आले. तर हा खाटेच्या कडेला बसलेला, बनियन घामानं चिंब, आणि उजव्या हाताचं बोट तोंडात.

"रेणुका, घरात चूल कुणी टांगलीय?"

मला हसू पण येईना आणि रडू पण. सगळं सांगितलं. शेवंतीचं, कळ्यांचं, बल्बांचं. "तिला कुटं डोळे असतात? तरी तिला कळतं. मला वाटलं, तुमाला बी कळंल."

त्यानं तोंडातलं बोट काढलं. मग हसायला लागला. अपघातानंतर तो असा हसलेला मी पहिल्यांदा ऐकला. हसता हसता त्यानं माझा हात चाचपून धरला आणि म्हणाला, "रेणे, मला फुलं यायची न्हाईत गं."

मग मात्र मी रडले. मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. तो भाजलेल्या बोटानं माझे डोळे पुसत होता आणि मी रडत होते. त्या रडण्यातच ठरलं की आता डॉक्टर गाठायचा. पप्पूला मीच फोन केला, माफी मागितली, आणि तो जीप घेऊन हजर.

तळेगावच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी शेवंतीची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचा विचार अगदीच चुकीचा नाही. फक्त माणसाला पानं नसतात." शेवंतीच्या पानापानाला उजेड कळतो, माणसाला तो डोळ्यांतूनच कळतो. डोळे नुसते बघायला नसतात, ते मेंदूला वेळही सांगतात. मेंदूत एक घड्याळ असतं, पण बहुतेकांचं ते जरा मागं पडतं, दिवसाला थोडंसंच. आपलं रोज सकाळी उजेड पाहून पुन्हा जुळतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. काही आंधळ्या माणसांच्या डोळ्यांतून तेवढा निरोप जात राहतो. संदेशचे डोळेच काढलेले, म्हणून निरोप येणं बंद. त्याचं घड्याळ रोज थोडं मागं पडतंय आणि त्याला कुणी जुळवत नाही.

"म्हंजे मी आळशी न्हाई?" संदेशनं विचारलं. एवढ्या वेळात तो तेवढंच बोलला.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "तुमच्या शरीरात रात्र होते, रोज होते. त्या घड्याळात रात्र झाली की मेंदूतून मेलाटोनिन नावाचं हार्मोन रक्तात उतरतं, ते सगळ्या अंगाला सांगतं की रात्र झाली. पहाटेकडे ते ओसरतं आणि उठवणारं दुसरं हार्मोन चढतं. तुमच्यात दोन्ही आहेत. फक्त तुमची रात्र आणि गावाची रात्र वेगळी आहे."

त्यानं मान खाली घातली. इतके दिवस मी त्याला जे जे बोलले होते ते एकेक आठवायला लागलं.

त्याच मेलाटोनिनची गोळी मिळते, म्हणाल्या. बारीक गोळी, रोज संध्याकाळी एकाच ठरलेल्या वेळेला. उजेडाचा निरोप येत नाही, तर अंधाराचा निरोप तरी आपण पाठवू. पण घाई करायची नाही. ज्या दिवसांत त्याची रात्र आपोआप आमच्या रात्रीला येऊन मिळेल, त्याच दिवसांत सुरू करायची. मग चुकवायची नाही. "लागू पडेलच असं वचन मी देत नाही," म्हणाल्या. "काहींना पडते. मन लावून करून बघा."

म्हणजे आम्हाला थांबायचं होतं, तो घरी येईपर्यंत. तोवर त्याची रात्र दुपारी होती, मग ती संध्याकाळकडं सरकायला लागली. माझा नवरा दुबईला असता तर मी त्याच्या येण्याची जशी वाट बघितली असती, तशी मी शेजारच्या खाटेवर झोपलेल्या माणसाची वाट बघत होते. कामावर हात चालायचे, मन घरी. झुंबरमावशी चेष्टा करायची, "कुटवर आला गं तुजा पाव्हणा?" मी म्हणायचे, "दिवेलागणीपर्यंत आलाय, मावशी. आता जवळच हाय."

आणि आला. एका रात्री जेवणं झाली, मी भांडी घासून आत आले, तर तो जांभई देत म्हणाला, "आज लय झोप येतीय."  मी तिथंच पहिली गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या लागल्या की गोळी, असं आम्ही ठरवलं. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या पण तशाच बारीक, पाकीट पण तसंच. घोळ नको म्हणून नवी पाकिटं मी वरच्या फळीवर डाळीच्या डब्यामागं ठेवली आणि रोज स्वतःच्या हातानं द्यायचे. संदेश म्हणाला, "मला दे की ठेवायला." मी म्हणाले, "गप बसा, मी हाय ना." हे माझं नेहमीचं. सगळं मीच करणार.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पॉलीहाउसमध्ये नुसती झुंबड उडाली. टेम्पो उभा, माल भरायचा, निलेशनं सगळ्यांना थांबवून घेतलं. मी घड्याळाकडं बघत होते. शेवटी हातातली गड्डी टाकली. निलेश म्हणाला, "मावशी, अर्धा टेम्पो राहिलाय!" मी त्याच्यापेक्षा लहानच असेन, पण तो सगळ्यांना मावशी म्हणतो. मी म्हणाले, "फुलं थांबतील. माझा मानूस न्हाई थांबायचा." आणि पळत सुटले. फोन केला तर उचलेना. रस्त्यात एकच विचार, की चुकली, आज चुकली, आता हा पुन्हा चालला, आणि या वेळी माझ्यामुळं चालला.

दार उघडं. आत पाऊल टाकलं तर तळव्याखाली कचकच. स्वयंपाकघरभर तूरडाळ सांडलेली. डबे उपडे, तिखटाची बरणी फुटलेली, स्टूल आडवं. आणि मधोमध संदेश मांडी घालून बसलेला, कोपर सोललेलं, दोन हातांत दोन पाकिटं. रेडिओवर बातम्या चालू होत्या.

"रेणुका? आलीस? यातली कंची गं? लवकर सांग, बातम्या संपत आल्यात."

मी डावीकडची म्हणाले. त्यानं गोळी काढून घेतली, पाण्याशिवाय गिळली, आणि मग भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. मला ओरडायचं होतं. स्टुलावर कशाला चढलात, पडला असतात तर, बरणी फुटली, डाळ गेली. तोंड उघडलं तर वेगळंच बाहेर आलं.

"तुमाला एवढी काळजी व्हती?"

"मग? तुला एकटीलाच हाय व्हय?"

मी त्याच्यासमोर बसले आणि डाळ गोळा करायला लागले. तोही चाचपून चाचपून दाणे ओंजळीत घ्यायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "तू सगळ्यांना सांगतीस, माजा नवरा जातो, येतो. पप्पूनं सांगितलं मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी कुटं जात न्हाई गं," तो म्हणाला. "मी हितंच असतो. तूच जातीस. रात्री मी जागा असतो आनि तू शेजारी असून नसतीस. मग मी आपला बोलत बसतो तुझ्याशी. जीपच्या सगळ्या गमती सांगतो. ज्या सांगायच्या राहिल्या व्हत्या त्या पन. तू हसत न्हाईस, एवढंच."

मी डाळ गोळा करायची थांबले. इतके महिने मी त्याच आवाजासाठी झुरत होते, आणि तो माझ्या उशाशीच चालू होता. मला काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी गोळ्यांच्या नव्या पाकिटांना, हाताला ओळखू यावीत म्हणून, रबर लावलं आणि ती त्याच्या हातात दिली.

त्यानंतर खरी परीक्षा. दर वेळी ज्या दिवसांत तो सरकायला लागायचा, ते दिवस आले. मी जेवताना त्याची जांभई बघायचे. जांभई आली की मला जेवण गोड लागायचं. एका रात्री तो कुशीवरून कुशीवर होत राहिला, म्हणाला, "आज झोप लागंना." मी काळोखात पडून पडून रडले, आवाज न करता. त्याला वाटलं मी झोपले. पण दुसऱ्या दिवशी तो वेळेवर झोपला. तिसऱ्याही. झुंबरमावशीनं विचारलं, "पाव्हणा हाय का गेला?" मी म्हणाले, "बोलू नका, मावशी. दृष्ट लागंल." आमच्यात दृष्टबिष्ट मानत नाहीत. तरी म्हणाले.

आणि मग ती पहाट. मी गाढ झोपेत होते. कुणीतरी खांदा हलवला.

"रेणुका, ऊठ. उजाडलं."

मी ताडकन उठून बसले. त्यानं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. इतके महिने मी ज्याला बजावत आले, दुपार झाली, संध्याकाळ झाली, तो मला सकाळ झाल्याचं सांगत होता. मी जाऊन दार उघडलं. बाहेर गुडुप अंधार. रस्त्यावरचा दिवा तेवढा जळत होता, डोंगराचा पत्ता नव्हता.

तोंडावर शब्द आलेच होते. ते मी गिळले. जन्मात पहिल्यांदा गिळले असतील.

"व्हय," मी म्हणाले. "उजाडलं की."

तो माझ्यामागं उंबऱ्यापर्यंत आला, बसला, मला शेजारी बसवून घेतलं. जरा कानोसा घेतला आणि हसला.

"किती खोटं बोलतीस गं. एक पाखरू वरडत न्हाई अजून."

"मग उठवलंत कशाला, झोपमोड करून?"

"तू कामाला जायच्या आत गाठायचं व्हतं तुला," तो म्हणाला. "जागी असताना."

 त्यानं माझा हात मांडीवर घेतला आणि सुरू केलं. "ठाण्याचं एक जोडपं व्हतं बघ. लायन्स पॉइंटला उतरलं. नवरा लय ऐटीत, केसांचा कोंबडा काढलेला. माकड आलं, झडप मारली आनि समदे केसच घेऊन पळालं! टोप व्हता गं, टोप! आनि लगीन होऊन महिना पन न्हवता झाला, बायकूला म्हाईतच न्हवतं. ती माकडाकडं बघती, मग नवऱ्याकडं बघती, आनि मला इचारती, ड्रायव्हरभाऊ, ह्ये कोन?"

ही गंमत मी कधी ऐकली नव्हती. त्यानं मात्र ती मला कितीतरी रात्री सांगितली होती.

मी पोट धरून हसले. इतकी हसले की पलीकडून लीलाबाईनं दिवा लावला. तो गप्प बसून माझं हसू ऐकत होता, मान जरा तिरकी करून, एकही थेंब सांडू नये असा. मग पुढची सांगायला लागला, मग त्याच्या पुढची. पाखरं ओरडायला लागली, आणि थोड्या वेळानं खरंच उजाडलं.